पाचव्या जोडीचा शेरा

मी रिजेक्ट करणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. जबलपूरजवळच्या खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत सव्वीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. ट्रे समोर येतो, त्यातला पीस उचलायचा, गेज लावायचं. बसला तर पास. नाही बसला तर त्यावर लाल रंगाचा ठिपका, आणि पीस बाजूच्या पेटीत. "साहब, बाल बराबर ही तो फरक है" म्हणणारे रोज भेटतात. त्यांनाही मी मनातल्या मनात एक ठिपका लावतो.

तुमच्या सदरातले भुताखेतांचे अनुभवही मी असेच तपासत आलो. पिंपळाखालची बाई — रिजेक्ट. रिकाम्या घरातले पैंजण — उंदीर, रिजेक्ट. आरशात दिसलेले काका — चष्मा बदला, रिजेक्ट. माझी बायको सुनंदा विचारायची, "विश्वास नाही तर वाचता काहून?" मी म्हणायचो, चहाबरोबर काहीतरी लागतं.

आता माझाच पीस तुमच्या ट्रेमध्ये ठेवतो आहे. खुशाल लाल लावा. मी स्वतः तीन वर्षं लावायला बघतो आहे... हात तिथे पोचतो आणि थांबतो. याचा इतका वैताग आला आहे की शेवटी लिहायला बसलो.

जागा — खमरिया इस्टेटमधलं आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे आंगण, आंगणात पेरू. वेळ — थंडीतला रविवार, सकाळी साडेदहा ते दीड. म्हणजे अंधार नाही, वादळ नाही, कुत्रं रडत नव्हतं. शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. घरात तीन माणसं. मी, सुनंदा आणि आंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसलेले माझे बाबा, गुलाबराव, तेव्हा वय त्र्याऐंशी.

बाबा याच फॅक्टरीतून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झाले. मूळचे भंडाऱ्याकडचे. ते इकडे नोकरीला लागले तेव्हा भंडारा आणि जबलपूर एकाच राज्यात होतं. मग कोणीतरी रेघ ओढली आणि बाबांचे सगळे नातेवाईक जागचे न हलता परराज्यात गेले. बाबा म्हणायचे, "मी नाई गेलो कुठं. तेच गेले."

तर या बाबांचा डावा कान कधीच गेला होता आणि उजवा जाऊन राहिला होता. कानाचं मशीन लावलं की ते शीळ घालायचं आणि बाबा त्याला शिव्या घालायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, जे काही ऐकवायचं असेल ते ऐकवून घ्या, काही महिने आहेत.

बाबांना ऐकायचं एकच होतं. आईची कॅसेट.

ही कॅसेट माझ्या मुलीच्या, मितालीच्या बारशाची. माझी आई गाणी जुळवायची. बस्तीतल्या कुणाचंही बारसं असो, शेवंताबाईंचा पाळणा ठरलेला, आणि तो दर वेळी नवा. लिहिता येत नव्हतं, सगळं डोक्यात. नातीच्या बारशाला तर तिनं महिनाभर आधीपासून पुटपुटायला सुरुवात केली होती. बाबा तेव्हा हौसेनं लोकांचे लाउडस्पीकर दुरुस्त करायचे. त्यांनी स्वतःचा व्हॉल्व्हवाला ॲम्प्लिफायर लावला, आईसमोर माइक ठेवला. बाजूला माझा टेपरेकॉर्डर.

त्या दिवशी सकाळी पोहे देताना आई बाबांना म्हणाली, "चार कडवी झाली आहेत. शेवटच्यात तुमचं नाव घातलं."

हे छोटं वाटेल, पण तसं नव्हतं. आई बाबांचं नाव कधीच घ्यायची नाही. रेशन दुकानात विचारलं की कार्ड पुढे करायची आणि तोंडाला पदर लावायची. घरात ते 'प्रकाशचे बाबा', मिताली झाल्यावर 'मितालीचे आजोबा'. आणि आज माइकवर? चार गल्ल्यांना ऐकू जाईल असं? बाबांनी तेव्हाच्या तेव्हा जाऊन दाढी केली. नाव नुसतं ऐकू येणार होतं, चेहरा दिसणार नव्हता, पण केली.

तीन कडवी झाली... आणि लाइट गेली.

बाबा इलेक्ट्रिशियन. लाइट गेली की त्यांचे पाय आधी पळतात, डोकं मागून येतं. ते तडक बाहेर खांबाकडे गेले. आईनं मात्र गाणं थांबवलं नाही. बंद माइकसमोर तिनं चौथं कडवं म्हटलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मगच बाबा घामाघूम होऊन परत आले. बायकांना विचारलं की त्या नुसत्या हसायच्या. सुनंदा पाळण्यापाशीच होती, पण तिला विचारलं की ती म्हणते, "मितालीनं असा गळा काढला होता, मले माझं नाव ऐकू आलं नसतं."

बाबांनी आईला किती विनवलं, पुन्हा म्हण. ती एक नंबरची खट्याळ. म्हणाली, "एकदा गायलं ते गायलं. टेप आहे ना? नीट ऐका, असेल."

टेपवर तिसरं कडवं संपताच एक खट्ट होतं, आणि पुढे नुसती हिस... सूं... शेवटपर्यंत. पण आईचं ते "नीट ऐका, असेल" बाबांनी धरून ठेवलं. त्यांचा हिशोब सरळ होता. रेकॉर्डरमध्ये सेल घातलेले होते, त्यांनी स्वतः घातले होते. लाइट गेली तरी मशीन सेलवर चाललं असणार. आवाज बारीक आला असेल, हिसच्या खाली दबला असेल. चांगलं यंत्र मिळालं तर निघेल.

आता माझी गोष्ट. ही मी कोणालाच सांगितली नव्हती. त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती. माझ्या ट्रान्झिस्टरचे सेल संपले होते. टेपरेकॉर्डर लाइटवर चालला आहे, त्याला सेल कशाला, असा विचार करून मी चारही सेल काढले आणि आंगणात, पेरूखाली, कानाला ट्रान्झिस्टर लावून उभा राहिलो. माझी आई माझ्या मुलीचा पाळणा गाते आहे आणि मी स्कोअर ऐकतो आहे. म्हणजे टेपवर चौथं कडवं नाही, हे जगात एकाच माणसाला शंभर टक्के माहीत होतं. मला.

मी सांगतो आहे त्या रविवारी आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. 

हे सगळं सांगितलं कारण आता जे सांगणार आहे ते तुम्हाला पितृसेवा वाटू नये. मला हेडफोन ॲम्प्लिफायरचा नाद लागला होता. इंटरनेटवर एक फोरम आहे, तिथे मोठमोठी माणसं एका वायरीवरून तीन-तीन दिवस भांडतात. मीही भांडायचो. पहिला ॲम्प्लिफायर आणला तो ट्रान्झिस्टरवाला, काळा डबा. स्वच्छ आवाज... पण ऑफिस ऑर्डर वाचून दाखवल्यासारखा. मग दुसरा आणला, ट्यूबवाला. वर दोन काचेच्या नळ्या, आमच्या भाषेत व्हॉल्व्ह, एक डाव्या कानाची, एक उजव्या. त्याचा आवाज गोड. पहिला खरं बोलायचा, दुसरा लाडीगोडी लावायचा. फॅक्टरीत कोणी माझ्याशी गोड बोलत नाही, त्यामुळे निवड लगेच झाली.

सुनंदानं विचारलं, "एक होता ना? हा दुसरा कोणासाठी?"

मी म्हणालो, "बाबांसाठी."

खोटं इतकं सफाईदार निघालं की मलाच भरून आलं. बाबांना ओरडून सांगितलं की नवीन मशीन आणलं आहे, हिस कापतं, आईचं दबलेलं निघेल. बाबांचा चेहरा असा उजळला की मला तिथेच सेलचं सांगायला हवं होतं. मी काय केलं? फोरमवर जाऊन बदलीच्या ट्यूब शोधायला लागलो. कारण मशीनबरोबर आलेल्या ट्यूबना हम होता. भ्भ्भ... अखंड, दळणाच्या गिरणीसारखा.

ट्यूब शोधणं म्हणजे जावई शोधण्यासारखं आहे. ही वॉर्म आहे पण बेस ढिला. ती खानदानी, जुन्या स्टॉकची, पण तिच्यासारखी दुसरी मिळत नाही. दोन्ही कानांना सारखी जोडी हवी, नाहीतर आई डावीकडे आणि तिच्या बांगड्या उजवीकडे. दीड महिन्यात माझ्याकडे चार जोड्या जमल्या. एक मशीनची, दोन पोस्टानं मागवलेल्या, एक दीक्षितपुऱ्यातल्या गुप्ताजींची. हे गुप्ताजी बाबांच्या वेळचे रेडिओ मेकॅनिक, दुकानात आता मोबाइलचे कव्हर विकतात, पण मागे ट्यूब तपासायचं यंत्र अजून झाकून ठेवलेलं आहे.

त्या रविवारी सकाळी मला आठवलं, बाबांचा पत्र्याचा बिस्किटांचा डबा. लाउडस्पीकरच्या दिवसातले व्हॉल्व्ह त्यात कापसात गुंडाळून ठेवलेले असतात. बाबांना विचारायला आंगणात जायला हवं होतं, मग कानाशी ओरडायला हवं होतं, मग शेजाऱ्यांनी "क्या हुआ भैया?" विचारलं असतं. कंटाळा केला. न विचारता डबा उघडला. माझ्या मशीनला बसतील अशा सहा निघाल्या, म्हणजे अजून तीन जोड्या. आणि त्यातल्या दोघींच्या काचेवर सारखाच... लाल ठिपका.

मी खुर्चीतच उडालो. फोरमवर कितीदा वाचलं होतं, जाणकार लोक मापून जुळवलेल्या जोडीवर एकाच रंगाचा ठिपका देतात. बाबांनी पन्नास वर्षांपूर्वी मॅच्ड पेअर काढून ठेवली होती! रंग ओळखीचा वाटला, पण कुठला ते डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं हातानं तोच रंग लावलेला माणूस मी.

कॅसेट डेक जोडला, हेडफोन कानावर, समोर वही. वहीत मी फॅक्टरीसारखा तक्ता आखला होता. जोडी क्रमांक, हम, हिस, आवाज, शेरा. सातही जोड्यांना तोच पाळणा, सुरुवातीपासून. पहिली — हम. दुसरी — आईला सर्दी. तिसरी — ठीक. चौथी, गुप्ताजींची — मधूनच पापड मोडल्यासारखी. पाचवी, लाल ठिपक्यांची. लावली. दोन्ही ट्यूबखाली छान नारिंगी उजेड. डोळे मिटले.

मध्ये सुनंदा चहा ठेवून गेली, कळलंही नाही.

पाचवीचा शेरा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या. वास्तविक तेव्हाच बाबांना बोलवायचं. पण लॉट पुरा तपासल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ही खोड. पाचवी काढली, सहावी लावली, सातवी लावली. दोन्ही बऱ्या, पाचवीची सर नाही. मग पाचवी परत लावली आणि बाबांना आत आणलं. उजव्या कानावर हेडफोन नीट बसवला. बाबा खुर्चीत ताठ. टेप सुरू केली.

बाबा थांबले. मग माझ्याकडे पाहिलं.

"लावलं का?"

मी मान हलवली. टेप फिरत होती. नारिंगी उजेड होता.

बाबांनी हेडफोन हातानं दाबला.  मग अगदी हळू म्हणाले, "पक्या... माझा कान गेला वाटते."

मी झटकन हेडफोन काढून स्वतःला लावला. शांत. हम नाही, हिस नाही, आई नाही. पूर्ण शांत. "कान नाही गेला, मशीन बिघडलं!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारची कुकरची शिट्टी थांबली. घाईघाईनं तिसरी जोडी लावली. आवाज आला. बाबांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. मशीन ठीक होतं. पुन्हा पाचवी लावली, शांत. पिन पुसल्या, डावी-उजवी बदलली, शांत. अर्ध्या तासापूर्वी गात होती ती जोडी!

शेवटी बाबांनी तिसऱ्या जोडीवरच ऐकलं. पाटीवर काढ ग बाई पहिलं अक्षर... तिसरं कडवं संपलं, खट्ट झालं, आणि बाबांनी हात वर करून मला सांगितलं, बंद नको करू. मग ते डोळे मिटून नुसती हिस ऐकत बसले. कॅसेटची बाजू संपेपर्यंत. हेडफोन काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"मशीन चांगलं आहे," म्हणाले, आणि उन्हात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटल्यावर त्या दोन ट्यूब रुमालात बांधून दीक्षितपुऱ्यात गेलो. गुप्ताजींनी मोबाइलचे कव्हर बाजूला केले, यंत्रावरची चादर काढली, एकेक ट्यूब लावली. काटा हललाच नाही. मग उजेडासमोर धरून पाहिल्या.

"प्रकाश भैया, ये कहाँ से उठा लाए? दोनों मरी हुई हैं. फिलामेंट टूटा है. और इसको देखो, ऊपर चाँदी सफेद पड़ गई. हवा घुस चुकी है."

"कल ही गई होगी," मी म्हणालो.

"कल? बरसों हो गए."

"गुप्ताजी, कल मैंने इन्हीं पे पूरा गाना सुना है. ये जल रही थीं!"

"जल रही थीं? आपका मॉडल कौन सा है?" मी सांगितलं. गुप्ताजी हसायला लागले. "अरे भैया, उसमें तो सॉकेट के नीचे बत्ती लगी आती है. शोभा के लिए. ट्यूब ना भी लगाओ तो जलेगी."

म्हणजे दीड महिना मी ज्या उजेडाकडे बघून फोरमवर 'काय वॉर्म ग्लो आहे' असं लिहीत होतो, तो खालच्या बल्बचा होता. अपमान गिळला. पण एक गोष्ट गिळली जाईना. "लेकिन मैंने सुना, गुप्ताजी."

त्यांनी ट्यूब रुमालात परत बांधल्या. "तो जी, इनसे नहीं सुना होगा."

घरी आलो तेव्हा सुनंदा टेबलावर माझी वही उघडून बसली होती. धोब्याचे कपडे लिहायला कागद शोधून राहिली होती म्हणे.

"अहो, हे काय लिहिलं तुम्ही?"

"ते टेक्निकल आहे, तुला नाही कळणार."

"नाही कळणार? मग हे वाचा बरं मोठ्यानं."

मी वाचलं. तुमच्यासाठी जसंच्या तसं उतरवतो.

'जोडी ५ (बाबांचा डबा, लाल ठिपका). हम — शून्य. हिस — शून्य. आवाज समोर बसल्यासारखा. तिसऱ्या कडव्यात बांगड्या वेगळ्या कळतात. चौथं कडवं सर्वांत स्वच्छ. काउंटर २३१ ला आवाज फुटतो — डिस्टॉर्शन? नाही, आई हसते. बेस्ट. ट्रेबल किंचित कमी हवा.'

"चौथं कडवं?" सुनंदा म्हणाली. "कोणतं चौथं कडवं?"

मी वही खाली ठेवली. मग परत उचलली. अक्षर माझं. शाई माझी. तिसरं कडवं डेकच्या काउंटरवर, म्हणजे त्या फिरणाऱ्या आकड्यांवर, २१४ ला संपतं, हे मला पाठ आहे. त्यापुढे हिस. २३१ ला काय असेल? हिस.

"झोप लागली असेल मला," मी म्हणालो.

"झोप? मी चहा ठेवला तेव्हा तुम्ही मांडीवर ताल धरून होते. मी म्हटलं पण, चहा निवून राहिला. तुम्ही हातानं थांब म्हटलं."

तेव्हा कुठे डोक्यात शिरलं, आणि वही टेबलावर आपटली. भीती नव्हे हो... राग! स्वतःचा. ऐकलं मी! आईचं न ऐकलेलं कडवं, बाबा आयुष्यभर ज्याच्यासाठी थांबले ते, माझ्या दोन्ही कानांत वाजलं, आणि मी काय ऐकत होतो? ट्रेबल! मला वाटलं, सगळ्या जोड्यांवर वाजते तीच टेप वाजते आहे. कडव्याचे शब्द? आठवत नाहीत. एक शब्दही नाही. चाल तीच, एवढंच. त्या घटकेला तिथे चौथं कडवं असणं मला इतकं साहजिक वाटलं की लक्षच दिलं नाही. आंगणात मॅच ऐकत होतो, तेव्हाही तेच केलं होतं.

बाबा आतल्या खोलीत पलंगावर होते. वही आणि रुमाल घेऊन गेलो. रुमाल सुटला, तशा त्यांनी ट्यूब ओळखल्या.

"ह्या काहून काढल्या? मेलेल्या आहेत ह्या. लाल लावलं दिसत नाई का तुले? इन्स्पेक्शनचा ना तू?"

मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, कधी गेल्या?

"मितालीच्या बारशाले. लाइट आली ती अशी झटक्यानं आली, ॲम्प्लिफायरच्या दोघी उडाल्या. तुझ्या आईच्या माइकच्या होत्या, म्हणून फेकल्या नाई."

म्हणजे आई चौथं कडवं बंद माइकसमोर गायली, तेव्हा या दोघी त्या बंद ॲम्प्लिफायरमध्ये होत्या. अजून कोमट असतील. याचा अर्थ काय? काही नाही. काच म्हणजे टेप नव्हे. मी फोरमवरही विचारलं. तिथल्या जाणत्यांनी सांगितलं, मेलेल्या ट्यूबमधूनही कधीकधी बारीकसा सिग्नल गळून पुढे जातो. जात असेल. पण जे टेपवर नाहीच ते गळणार कुठून?

आणि टेपवर ते नाही, हे मला माहीत होतं. बाबांना नव्हतं. आता लपवून काय करणार होतो? कानाशी तोंड नेलं आणि सगळं ओरडून सांगितलं. सेल मी काढले. मॅचसाठी. टेपवर कधीच काही नव्हतं. सुनंदा दारात उभी. शेजारच्यांनी नक्की ऐकलं असणार, इतक्या वर्षांचा गुन्हा एका दमात.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माहीत आहे. संध्याकाळी सेल बदलाले झाकण उघडलं, आत काही नाई. घरात दुसरा कोण मॅच ऐकणारा होता?"

"मग तुम्ही इतकी वर्षं टेप...?"

"ती म्हणे, नीट ऐका, असेल. ती म्हणे म्हणून ऐकून राहिलो."

 मी वही त्यांच्यापुढे धरली, पाचव्या जोडीच्या ओळीवर बोट ठेवलं. बाबांनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हे तू ऐकलं?"

"हो."

"या दोघींवर?"

"हो."

"नाव घेतलं का तिनं?"

तोच प्रश्न येणार हे माहीत होतं. 'हो' म्हणणं किती सोपं होतं! मी खोटं बोलण्यात चांगला आहे, आधी सांगितलंच. पण जमलं नाही. "माहीत नाही बाबा," मी ओरडलो. "शब्द नाही ऐकले मी. मी... आवाज तपासत होतो."

"गधा आहेस," बाबा म्हणाले. शांतपणे, खात्री करून घेतल्यासारखे. मग पुन्हा वहीकडे वळले. त्यांचं बोट सरकत सरकत एका जागी थांबलं.

"हे काय लिहिलं? हसते?"

"हो. शेवटी. मला वाटलं आवाज फुटला. मग कळलं हसते आहे."

"शेवटच्या ओळीवर?"

"बहुतेक..."

बाबा हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. खोकला येईपर्यंत हसले. सुनंदा पाणी घेऊन धावली. "लग्नाच्या दिवशी," बाबा म्हणाले, "दारात बायकांनी अडवलं तिले. नाव घे, मग आत जा. तिनं तीनदा सुरू केलं, आणि तीनदा 'गुला' म्हटलं की हसू. 'राव' काही निघेच ना. शेवटी माझ्या मायनं म्हटलं, राहू द्या, येऊ द्या तिले. बापा, दुसऱ्या कशाले नाई हसत होती ती गाताना. गाण्यात खोकली तरी स्वतःवर चिडे."

त्यांनी वही मिटली. "घेतलं तिनं," म्हणाले.

मग उशाखालचं जुनं ब्लेड काढलं, ज्यानं ते पायाची नखं काढतात, आणि काचेवरचा लाल ठिपका खरवडायला लागले. आमच्या फॅक्टरीत नियम आहे, लाल ज्यानं लावलं त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मी धरायला गेलो तर हात झटकला. दोन्ही काचा साफ झाल्यावर धोतरानं पुसून मला परत दिल्या.

त्या उन्हाळ्यात बाबांचा उजवा कानही गेला. आता शहाऐंशीचे आहेत, उन्हात खुर्ची टाकून निवांत बसतात, कॅसेटचं नाव काढत नाहीत. मितालीला फोनवर हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "पापा, आप लोग ना... पर मेरे को भी सुनना है, त्या दोन ट्यूब ठेवा." ठेवल्या आहेत.

दर रविवारी साडेदहाला मी त्या लावतो. खाली नारिंगी बत्ती लागते, टेप फिरते, काउंटर २१४... २३१... २५०. हम शून्य, हिस शून्य. आता ट्रेबलकडे अजिबात लक्ष देत नाही, नुसता शब्दांसाठी कान लावून बसतो. काही येत नाही. वहीत त्या जोडीखाली आता दीडशेच्या वर रविवारच्या ओळी आहेत आणि शेऱ्याचा रकाना सगळीकडे कोरा आहे. पहिली ओळ सोडून. तिला कुठलं गेज लावायचं ते तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर कळवा. मला सापडलेलं नाही.